पायाला न कळलेला बार

खोटं लिहिलंत तुम्ही, साहेब.

'मोजणाऱ्या इसमाचे लक्ष नसल्याने सदर अपघात घडला' असं लिहिलंत, खाली सही ठोकलीत, सहीवर शिक्का उमटवलात आणि जीपगाडीत बसून निघून गेलात. तुमचं नाव इथं घ्यायचं नाही. नाव घेतलं की तुम्ही नावावर भांडत बसता आणि मुद्दा मागच्या दारानं पळून जातो. पण त्या एका ओळीनं बोरवंडीच्या मलप्पाला दहा वर्षं चारचौघांत मान वर करू दिली नाही. ज्या कानाच्या भरवशावर शे-दीडशे माणसं खाली उतरत होती, त्या कानावर तुम्ही माणूस मारल्याचा डाग ठेवलात.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी विसरला असाल. मलप्पाला विसरायची सोय नव्हती. एक तर त्याचा जिवाभावाचा माणूस तिथं गेला. आणि दुसरं, जे कुणाला सांगायचीही त्याला लाज वाटायची, ते असं की त्याच्या उभ्या जन्मातले सगळ्यात सुखाचे सात महिने त्याच कामावर गेले होते.

दुष्काळात कुठं सुखाचे दिवस असतात? असतात. दुष्काळ ज्यानं जीपच्या काचेतून पाहिला त्याला नाही कळायचं ते.

बहात्तर साली बोरवंडी आधी मुकी झाली आणि मग उपाशी. विहिरीवरचं मोटेचं चाक पहिल्यांदा थांबलं. मग जनावरं बाजारात गेली आणि त्यांच्या गळ्यातली घुंगरं त्यांच्यासंगं गेली. मग जाती थांबली, दळायला काही नव्हतं म्हणून. मठातली घंटा तेवढी वाजायची, पण ती उगीच दणाणायची. भरल्या घरात भांडं पडलं तर एवढं वाजत नाही. कणग्या, पोती, अंथरुणं, माणसं आवाज पिऊन टाकतात. रिकाम्या घरात तेच भांडं पडलं की छातीत धस्स होतं. अख्खं गावच रिकामं घर झालं होतं. घंटा वाजली की मलप्पा कानांवर हात ठेवायचा. पंचविशीचा गडी, लग्न लांबलेलं, शेतात काम नाही, घरात बोलणं नाही.

अशात तीन कोसांवर डोंगराच्या कुशीत पाझर तलावाचं काम निघालं. पहिल्या दिवशी तो वळणापाशी पोचला आणि उभाच राहिला. काम अजून दिसतही नव्हतं, पण ऐकू येत होतं. खडी फोडणाऱ्या दोनशे बायांचे हातोडे, कढईत लाह्या फुटाव्यात तसे. घमेल्यांची खणखण, मुकादमाची शिट्टी, बायांच्या शिव्या, त्यावर गड्यांचं हसू. आठ महिन्यांनी त्याच्या कानात असं काही भरत होतं. पोटाच्या आधी त्याचे कान जेवले त्या दिवशी.

तिथं त्याला नरसिंग भेटला.

नरसिंग देगलूरकडचा. आधी मुदखेडच्या एका खाणीत बार उडवायचा, तिथंच उजव्या हाताची दोन बोटं देऊन आलेला. ठेंगणा, काटक, बोलताना तेलुगू, कानडी, दखनी आणि मराठी एकाच ताटात कालवायचा. तलावाचं जादा पाणी जायला बाजूनं वाट ठेवतात, तिला सांडवा म्हणतात. तो सांडवा अख्ख्या खडकातून काढायचा होता. दिवसभर खडकात हातभर खोल भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती लावायच्या आणि संध्याकाळी एकामागून एक बार उडवायचे. सहा भोकं भरली तर सहा बार वाजले पाहिजेत. पाचच वाजले तर एक मुका राहिला. मुका बार खडकात जिवंत असतो. सब्बल, म्हणजे पहार, लागली की बोलतो, आणि मग सब्बल धरणारा कधीच बोलत नाही. म्हणून मोजणारा पाहिजे होता.

नरसिंगनं आठ-दहा गडी एका कोरड्या विहिरीपाशी नेले, विहिरीकडं पाठ करून उभे केले. "मी आत दगडं टाकतो. किती पडले ते सांगायचं. मागं बघंल त्याला बायांत बशिवतो खडी फोडाय."

एकानं सात सांगितले, दुसऱ्यानं चार. तिसऱ्यानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि नऊ सांगितले.

"नऊ?" नरसिंग म्हणाला. "अरे बाबा, माझ्या लग्नात बी इतके फटाके न्हवते."

मलप्पाची पाळी आली. सगळं पडून गेल्यावर त्यानं मिटलेली बोटं पुन्हा मोजली.

"पाच पडले," तो म्हणाला. "पर दगडं चारच. तिसरं ढेकूळ हुतं."

नरसिंग विहिरीत वाकून बघायला लागला, जसं काही ढेकूळ पुन्हा दिसणारच होतं. मग त्यानं येऊन मलप्पाचा कान धरला. "हा कान सरकारजमा. तम्मा, तुझं बाकीचं अंग घरी गेलं तरी चालंल."

त्या दिवसापासून मलप्पा त्याचा तम्मा झाला, धाकटा भाऊ. आणि नरसिंग त्याचा अन्ना.

शाळा मलप्पाची दुसरीत सुटली होती. आवाज म्हणजे काय हे त्याला कुठल्या मास्तरनं सांगितलं नाही, नरसिंगनं सांगितलं, हजेरीच्या रांगेत उभं राहून.

"ही रांग हाय ना? आता बघ." त्यानं पुढच्याला ढोसलं. पुढचा त्याच्या पुढच्यावर गेला, तो त्याच्या पुढच्यावर, आणि असं होत होत पार टेबलापाशी उभी असलेली म्हातारी मुकादम रेवणप्पाच्या हजेरीपटावर कलली. तिकडं बोंब उठली. "बघितलास? मी हितंच हाव. कुणी जागा सोडली न्हाई. पर माझा धक्का रेवणप्पापातूर गेला. आवाज म्हंजे ह्योच धक्का. बार फुटला की वारं वाऱ्याला ढोसतं, ते त्याच्या म्होरच्याला, अन् शेवटी तुझ्या कानाच्या पडद्यावर थाप पडती. पडदा डोक्याला सांगतो, डोकं म्हनतं बार झाला."

"अन् मधी वारंच नसलं तर?"

"तर कुणी कुणाला ढोसायचं? सगळं मुकं." नरसिंगनं जरा विचार केला. "अन् रांग दाटीची असली तर धक्का झटक्यानं जातो. पांगली असली तर रमतगमत. खडक म्हंजे दाटीची रांग. म्हनून बार आधी तुझ्या पायाला कळंल, मग कानाला."

ही गोष्ट मलप्पाला खरी वाटली नाही. संध्याकाळी नरसिंगनं त्याला समोरच्या टेकाडावरच्या चिंचेखाली नेलं. चिंच उघड्या खडकात मुळं रोवून उभी होती. "चपला काढ. तळवा पुरा टेकव. बोटं सोड."

बार उडाला. आधी सांडव्यात धुळीचा फुगा दिसला, मग तळव्याला खालून कुणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं, आणि मग कानाला थाप. डोळा, पाय, कान. बऱ्याच वेळानं लांबच्या डोंगरानं तोच बार जाड्या गळ्यानं परत म्हटला.

"डोंगर बोलला तवा पायाला काय कळलं?"

"काय न्हाई."

"हां. पाय बोलला तर खरा बार. नुसता कान बोलला तर डोंगराची नक्कल. डोळ्याचं सोड, दुसऱ्या बाराला तो धुरात आंधळा व्हतो."

तो त्यांचा शिरस्ता झाला. संध्याकाळी शिट्टी झाली की सगळे वर यायचे. नरसिंग वाती पेटवून पळत चिंचेकडं यायचा, धापा टाकत म्हणायचा, "तम्मा, बोल!" आणि मलप्पा अनवाणी उभा राहून एकेक बोट मिटायचा. शेवटच्या बारानंतर शंभरपर्यंत आकडे म्हणून मग तो ओरडायचा, "सहा! मोकळं हाय!" मग पहिला नरसिंग उतरायचा, सब्बल घेऊन. नियमच होता तो. त्याच्या मागं बाकीचे.

एकदा पाचच झाले. रेवणप्पा मुकादम म्हणाला, "सहा झाले. म्या सोता ऐकले."

"तुमच्या पायात चपला हायत," मलप्पा म्हणाला.

सगळं काम हसलं. रेवणप्पाचं तोंड वांग्यासारखं झालं. पण कुणी उतरलं नाही. सकाळी नरसिंगनं बोटाबोटानं माती उकरली, तर चौथ्या भोकात वात अर्ध्यावर विझलेली. त्या दिवशी एका म्हातारीनं मलप्पाच्या कानामागं काजळ लावलं, नजर नको लागायला म्हणून.

दुपारच्याला चिंचेच्या सावलीत जेवणं व्हायची. नरसिंगची बायको सरजाबाई खडीवर होती. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी ती अशी आपटून द्यायची की दगडासारखी वाजायची. "मोज भावजी," ती म्हणायची. "एक पडली. मुकी हाय का जित्ती?"

"जित्ती हाय वैनी. पोटात गेल्यावर फुटंल."

"बघा की हो, तुमचा तम्मा लई बोलाया लागला."

"माझ्यापाशी शिकला," नरसिंग म्हणायचा, तोंड भरलेलं.

एकदा मात्र तिनं हातातलं पाणी तसंच ठेवून सांगितलं होतं, "माझा मानूस तुझ्या कानावर खाली उतरतो. कानात मळ साठू देऊ नको."

मलप्पानं मान हलवली होती.

सात महिने असे गेले. तलावाची एक बाजू उभी राहिली. सांडव्याच्या तोंडासमोर आधी मातीचा ढीग होता, तिथं उन्हाळ्यात दगडी भिंत बांधली, चांगली दोन पुरुष उंच, चुन्यात दरजा भरलेली. भिंत पुरी होऊन आठवडा झाला आणि तुम्ही येणार असा सांगावा आला.

तुमच्यासाठी मांडव घातला, साहेब. भिंतीसमोरच, ताज्या भरावाच्या मातीवर, कारण तिथून भिंत छान दिसत होती. सावली अशी त्या माळावर एकच होती, चिंचेची, आणि ती तुमच्या जीपला लागत होती. दुपारी रेवणप्पा आला, हातात गमबुटाचा जोड. तीनशे माणसांत एक जोड, तोही दोन मापं मोठा, पुढं चिंध्या कोंबलेल्या.

"हे घाल. अन् मांडवापाशी हुबा ऱ्हा. तिथनं मोज."

"मुकादम, मला चिंचंखाली—"

"चिंचंखाली गाडी हाय. वरून सांगून आलंय. बार उडवनारं मानूस अनवानी दिसाय न्हाई पायजे."

"पायाला कळत न्हाई बुटातून."

"कानानं मोजायचं असतं रं मोजायचं! पायानं मोजतो म्हनं! सायबाम्होरं आसलं येडं बोलू नको."

नरसिंग वाती कापत होता. त्यानं लांबून पाहिलं आणि हसला. "राजा दिसायला लागलास, तम्मा. बुटावर फेटा बी मागून घे."

हे त्याचं शेवटचं थट्टेचं बोलणं.

वाती पेटल्या. नरसिंग सवयीनं चिंचेकडं पळाला, जीप दिसली तसा वळून मांडवाकडं आला. "तम्मा, बोल!" मधे खडीचा ढीग होता, धूळ दिसली नाही. मलप्पानं कान लावला. एक. दोन. तीन. चार. मग जरा थांबून पाच, आणि पाचाला लागूनच सहा, तेवढाच कडक, तेवढाच कोरा. दोन वाती जवळजवळ संपल्या की असं होतंच, पन्नासदा झालं होतं. पाय काही बोलले नाहीत, पण बुटात पाय कधी बोललेत? तो शंभर म्हणायला लागला. साठावर असताना मागून कुणीतरी म्हणालं, "आटपा, साहेबांना पुढं जायचंय." तरी त्यानं शंभर पुरे केले. मग ओरडला, "सहा! मोकळं हाय!"

नरसिंग सब्बल घेऊन उतरला.

पुढचं सांगत नाही. तुम्ही तिथंच होतात.

पंचनाम्यात बुटांना जागा मिळाली. 'सदर इसमास गमबूट आदी संरक्षक साधने पुरविण्यात आली होती.' म्हणजे सरकारनं सगळं केलं, उरला तो मोजणारा. मलप्पाकडून अंगठा घेतला. त्याला काय वाचून दाखवलं ते त्याला आठवत नाही. त्याला फक्त आपलाच आवाज ऐकू येत होता, 'मोकळं हाय', पुन्हा पुन्हा, आणि हा कुठल्या डोंगराचा नव्हता.

सरजाबाईनं त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर तो निदान पाया पडला असता. तिनं हातोडा उचलला, बोचकं बांधलं आणि मुदखेडला भावाकडं गेली. बोरवंडीत लोक समोर काही बोलत नव्हते. मलप्पा आला की तेवढं बोलणं थांबायचं. ज्याचा कान ढेकूळ आणि दगड ओळखतो त्याला ते थांबणं किती मोठ्यानं ऐकू जात असेल? वर्षभर त्यानं कानात कापूस घालून पाहिला. कापसानं फक्त बाहेरचं बंद होतं. मग तो लातूरला गेला, आडतीवर पोती उचलली, लग्न केलंच नाही.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. जिकडंतिकडं पाये खणायला सुरुवात झाली, भिंती उठल्या. मलप्पाला एका बांधकामावर राखणदारी मिळाली. खाकी सदरा आणि कातडी बूट. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या जागेत विहीर पाडायला घेतली. एका दुपारी बूट काढून तो विहिरीपासून बराच लांब, उघड्या खडकावर पाय मोकळे करत बसला होता. विहिरीवाल्यांनी एकच बार लावला होता. तळव्याला टिचकी बसली, कानाला थाप बसली, आणि लगेच समोरच्या नव्या भिंतीनं दुसरी थाप दिली. तेवढीच कडक. तेवढीच कोरी.

"दोन झाले का रं?" विहिरीवाल्यांतल्या एकानं विचारलं. "येकच भरला व्हता की."

"एकच," मलप्पा म्हणाला. "दुसरा भिंतीचा हाय."

म्हणून गेला आणि मग त्याला आपणच काय बोललो ते कळलं. तो आपल्या बुटांकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी बार लागायच्या वेळी तो मुद्दाम बूट घालून, भुसभुशीत मातीवर, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बार एकच लागला, दोन ऐकू आले. खरा कुठला आणि नकली कुठला हे त्याला, मलप्पाला, सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो मुदखेडला होता.

सरजाबाई खडीवरच होती. केस पांढरे झालेले, हातोडा तोच. तिनं त्याला ओळखलं, पण हातोडा थांबवला नाही.

"दहा वर्सांनी आलास. काय, कान नीट झाला का?"

"वैनी, कान बिघडलाच न्हवता." त्यानं सगळं सांगितलं. बूट, भराव, भिंत. सांगताना शब्द मागंपुढं झाले. ती दगडामागून दगड फोडत राहिली.

"झालं सांगून?"

"हाव."

"तोंडानं कुनीबी सांगंल. सायबानं बी कागदावर सांगितलंच की. मला दाव."

दोन दिवसांनी दोघं तलावावर पोचले. मलप्पानं बोरवंडीतून घण मागून आणला होता. तलावात तळाशी टाचभर पाणी होतं. भिंत उभी होती, दरजा शाबूत. मांडवाच्या जागी कुसळं माजली होती.

"हितं हुबा व्हतो. वैनी, पाठ करा. मी खाली जातो, घण हानतो. जितके ऐकू येतील तितकी बोटं वर करा."

त्यानं चार ठोके सांडव्याच्या आत, खोलात दिले. तिथले आवाज कातळाच्या कुशीतच घुटमळून वर निघत. पाचवा ठोका त्यानं तोंडाशी दिला, भिंतीच्या नेमका समोर, जिथं त्या दिवशी शेवटचा, पाचवा बार फुटला होता. मग वर पाहिलं.

सरजाबाईचे दोन्ही हात वर होते. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याचं एक.

तो चढून आला. "किती?"

"सहा."

"मी पाच हानले."

"खोटं बोलू नको, मलप्पा. म्या ऐकले सहा."

"पुन्यांदा हानतो."

पुन्हा पाच. पुन्हा सहा बोटं. तिसऱ्या वेळी ती वळून उभी राहिली, घणाकडं टक लावून. घण पाचदा पडताना तिनं डोळ्यांनी पाहिला. तरी सहावा तिला ऐकू आलाच. भिंतीवर कुणी नव्हतं. भिंतीमागं कुणी नव्हतं. मातीचा ढीग होता तेव्हा तो आवाज खायचा. दगड खात नाही, चेंडूसारखा परत फेकतो, आणि फेकतो तो नेमका मांडवाच्या जागी. मग त्यानं तिला चिंचेखाली नेऊन उभं केलं आणि परत जाऊन हाणले. पाच. फक्त पाच. भिंत तिथून तिरपी पडत होती. भिंतीनं फेकलेला आवाज दुसरीकडंच जात होता.

तो वर आला तेव्हा ती चिंचेच्या मुळावर बसली होती. त्यानं घण खाली ठेवला, तोही हळूच, आवाज नको म्हणून.

"म्या बी उतरविला असता त्याला," ती म्हणाली. "म्या बी 'सहा' म्हनले असते."

मलप्पा दहा वर्षांत रडला नव्हता. आता रडला, वाईट रडला, नाक ओढत. तिनं रडू दिलं.

"हितं बसून भाकरी खायचो," ती मग म्हणाली. "दात पाडनारी मिलो. तरी काय चव व्हती रं तिला. आता गव्हाची खाते तर तोंडात फिरती." तिनं विचारलं, "तुला त्याचा आवाज आठवतो का?"

"हाव."

"मला तोंड दिसतं. हात दिसतो, दोन बोटं नसलेला. आवाज गेला. लई धरून ठेवला, तरी गेला. कसा बोलायचा?"

मलप्पानं डोळे पुसले. घसा साफ केला. धाप लागल्यासारखा श्वास घेतला आणि नरसिंगच्या चिरक्या, हसऱ्या, देगलुरी हेलात म्हणाला, "तम्मा, बोल!"

सरजाबाईनं पदर तोंडावर धरला. "आनखी एकदा."

त्यानं म्हटलं. मग नऊ फटाक्यांचं म्हटलं, ढेकळाचं म्हटलं, रेवणप्पाच्या टेबलावर कललेल्या म्हातारीचं म्हटलं. ती रडता रडता हसायला लागली, आणि उन्हं कलेपर्यंत त्या चिंचेखाली दुष्काळाचं ते वरीस पुन्हा भरलं; हातोडे, घमेली, शिट्टी, सगळं.

उठताना मात्र तिचा आवाज बदलला. "तुला मांडवापाशी हुबं कुनी केलं?"

"रेवणप्पानं. तो वारला, तीन वर्सं झाली."

"त्याला कुनी सांगितलं?"

"वरून आलं म्हनं."

"वरून म्हंजे कुठून? आभाळातून पडलं का?"

तिथूनच दोघं अर्ज लिहून घ्यायला गेले.

आजवर चार अर्ज झाले, साहेब. जुन्या जिल्ह्याची कचेरी म्हणते कागद नव्या जिल्ह्याकडं गेले. नव्या जिल्ह्याची कचेरी म्हणते आलेच नाहीत. गाव इकडं आलं, तलाव इकडं आला, रिकामी कपाटंसुद्धा आली. तेवढा एक पंचनामा वाटेत उतरला. मागच्या महिन्यात कारकून वैतागला. "बाई, तुम्हाला नेमकं पाहिजे काय? मदत पाहिजे का? त्याचा नमुना वेगळा आहे."

"उत्तर पायजे," सरजाबाई म्हणाली.

"उत्तराचा नमुना नसतो आमच्याकडं."

नसू द्या. सवाल कोऱ्या कागदावरही मावतो. तुम्हाला फार वरपर्यंत शोधायला जावं लागणार नाही. त्या दिवशी चिंचेखालून मलप्पाला कुणाच्या हुकमानं उठवलं? त्याच्या पायात ते बूट कुणाच्या नजरेसाठी चढवले? तो मुकादमाला म्हणाला होता, पायाला कळत नाही. मांडवात बसलेल्या कुणाकुणाला ते ऐकू गेलं होतं? आणि ऐकू गेलं असूनही 'लक्ष नसल्याने' हे शब्द कुणाच्या डोक्यातून निघाले?

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुदखेडहून निघून ती बाई कचेरीच्या पायरीवर येऊन बसते. शेजारी मलप्पा असतो. दोघांचेही कान शाबूत आहेत. मोठ्यानं बोलायची गरज नाही, हळू बोललात तरी पोचेल. पण या सोमवारी बोला, साहेब. कोणी सांगितलं होतं?